मुग्धाला

प्रिय मुग्धे,

फोन केला असता, पण फोनवर मी झकास बोलले असते आणि तू फसली असतीस. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी ठीक. पुढे.

पार्टनर झाल्याचं पव्याने ग्रुपवर टाकलंच असेल. त्या संध्याकाळी केक कापला, भाषण ठोकलं, सगळ्यांना हसवलं, आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीत नुसती बसून राहिले. रडू नाही, आनंद नाही, काहीच नाही. सीएच्या निकालाला आपण विश्रामबागच्या चौकात कशा किंचाळलो होतो! शेवटी सायकिॲट्रिस्टकडे गेले. डिप्रेशन आहे म्हणाले, बरंच जुनं.

तिथे नऊ प्रश्नांचा कागद भरायला देतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, झोप कशी, भूक कशी. प्रत्येकाला शून्य ते तीन. मला २७ पैकी १९ पडले आणि पहिला विचार काय आला सांगू? बाकीच्यांना किती पडतात! हस मेली. खाली एक बिनमार्कांचा प्रश्न असतो: या सगळ्यामुळे काम करणं किती अवघड झालं? मी ठोकून दिलं, अजिबात नाही. डॉक्टर नेमके तिथेच थांबले. पहाटे तीनला जाग येते तेव्हा काय करता, म्हणाले. मेलना उत्तरं देते! ऑफिसात त्याचंच कौतुक चालू होतं गं.

आमच्या घरी लगेच कोहलीचा दाखला निघाला. २०१४ चा इंग्लंड दौरा, दहा डावांत १३४ धावा, आणि तेव्हा आपण डिप्रेशनमध्ये होतो असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. ठीक आहे, पण त्याच्या धावा आटल्या हे जगाला दिसत तरी होतं. ज्याच्या धावा निघतायत त्याला कोण विचारतं?

आता खरी भानगड. गोळी सुरू केलीय, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात म्हणे. मला भीती गोळीची नाही. बरी झाले आणि मग कामातली धारच गेली तर? मागे कुत्रं लागल्यासारखी मी पंधरा वर्षं पळतेय. कुत्रं गेलं आणि मी बसलेच तर? डॉक्टर म्हणतात, तुमचं डोकं उदासीमुळे चालत नाहीये, उदासी असूनही चालतंय. पटतं. रात्री पुन्हा पटेनासं होतं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'तुला कसली कमी आहे' ऐकावं लागेल. तू निदान भांडशील.

'तुला रडायलाही टाइमटेबल लागतं' म्हणाली होतीस ना हॉस्टेलवर? त्यावरून आपण अख्खी टर्म बोललो नव्हतो. तुझंच खरं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण ऐक. काउन्सेलर बाईंनी सांगितलं, रोज एक गोष्ट अशी करा की जिचा काही उपयोग नाही. मन लागायची वाट बघू नका, आधी करायला लागा. मी एक्सेल शीट केली. गोष्ट, वेळ, आनंद दहापैकी किती. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला.

शीट डिलीट केली. सध्या खालच्या मजल्यावरच्या चिन्याशी कॅरम खेळते. वय वर्षं दहा, चाप्टर कार्टं, पावडर माझ्या बाजूला कमी टाकतं. परवा राणी घेतली आणि कव्हर द्यायच्या वेळी स्ट्रायकरच भोकात घातला. तो नाचला, आणि मला इतका राग आला, मुग्धे, खराखुरा! पुढचा डाव मांड म्हटलं. त्यात मीटिंगला उशिरा पोचले. काही झालं नाही.

बाकी, तुझ्या बदलीचं काय? पिल्लूचे दात आले? वन्संचं प्रकरण मिटलं असावं असं धरून चालते.

लग्नाला आलीस की आईपुढे यातलं अवाक्षर काढू नकोस, तिला मी सांगेन. आणि धार जाते की नाही ते तूच सांग, तुझ्या दादानेही वर्षभर गोळ्या घेतल्या होत्या ना? खोटा धीर देणार असशील तर लिहू नकोस. येताना जयसिंगपूरचा भडंग आण, दोन पुडे, चिन्याला एक कबूल केलाय.

तुझी,
शमा