चित्रपुस्तकांत कमळपक्ष्याचे बाबाही हवेत

प्राण्यांचे आईबाबा आणि पिल्लं म्हटलं की मुलांच्या चित्रपुस्तकांत पेंग्विन, कांगारू हमखास असतात. त्यांच्याशी वैर नाही. पण पेंच, उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगलं शेजारी असलेल्या नागपूरच्या पोरांना, वाघीण बछड्यांना जवळपास दोन वर्षं सोबत ठेवते, हे चित्रांत कधी दिसणार? वानराचं तान्हं पिल्लू काळपट असतं आणि टोळीतल्या इतर माद्याही त्याला आळीपाळीने छातीशी घेतात. तळ्यातल्या कमळाच्या पानांवरून चालणाऱ्या कमळपक्ष्यात तर अंडी उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंत सगळं नरच बघतो! हे ऐकून माझ्या नातीने बापाकडे असं काही पाहिलं की विचारू नका. मराठी प्रकाशकांनी अशी पुस्तकं काढावीत, आणि तीही जाड पुठ्ठ्याच्या पानांची. पातळ पानं आठवडाभरही टिकत नाहीत.

— एक आजी, धरमपेठ, नागपूर