बाळाच्या गाठीविषयी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझा कंठ दाटून आला आणि सांगायचे ते अर्धवटच राहिले, म्हणून हे पत्र. ३२व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या मूत्रपिंडात दिसलेली गाठ बहुधा मेसोब्लास्टिक नेफ्रोमा असावी, असे डॉक्टरांचे मत आहे. बाबा, ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारून तुम्ही गप्प झालात, म्हणून आधी हे सांगते, की जन्मापूर्वी मूत्रपिंडात आढळणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते आणि ती बहुतेकदा सौम्य, म्हणजे कॅन्सरची नसलेली, असते. मात्र पक्के निदान गाठ काढून तपासल्यावरच होईल.

या घडीला डॉक्टरांना गाठीपेक्षा गर्भजलाची काळजी जास्त आहे. अशा गाठीत ते पुष्कळदा वाढते, आणि माझे इतके वाढले आहे की पोट ढोलासारखे ताणले आहे, उताणे झोपले की धाप लागते. या ताणामुळे दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. त्यासाठी बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून मला स्टेरॉइडची दोन इंजेक्शने दिली आहेत. फारच त्रास झाला तर सुईने थोडे पाणी काढतील. बाळाच्या अंगावर सूज येत नाही ना, हेही दर तपासणीत पाहतात. प्रसूती मात्र जिथे बालशल्यचिकित्सक आणि नवजात अतिदक्षता विभाग आहे तिथेच करायची, हे आम्ही पक्के केले आहे.

जन्मानंतर बाळाचा रक्तदाब आणि रक्तातील कॅल्शियम वाढू शकते, क्वचित गाठीत रक्तस्राव होतो. म्हणून पहिल्या तासापासून लक्ष ठेवतील आणि बाळ स्थिर झाले की गाठीसह ते मूत्रपिंड काढतील. बहुतेक बाळांना एवढ्याने पूर्ण बरे वाटते. गाठ पेशीबहुल, म्हणजे दाटीवाटीने पेशी असलेल्या प्रकारची निघाली, तर ती पुन्हा उद्भवण्याची शक्यता असल्याने काही काळ वारंवार सोनोग्राफी करावी लागेल. उजवे मूत्रपिंड निरोगी आहे. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवले, तेव्हा मी त्याच्याकडेच पाहत राहिले.

आई, माझ्या हातून काही चुकले का, असे तू तीनदा विचारलेस. मीही डॉक्टरांना तेच विचारले होते. खाण्यापिण्याशी किंवा हालचालींशी याचा संबंध नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा तो विचार तूही सोड.

कळा केव्हा सुरू होतील याचा नेम नाही. नवव्या महिन्याची वाट न पाहता तुम्ही दोघे आताच या.

तुमची लेक