पिवळ्यावरचा काळा

प्रिय नित्या,

फोनवर नीट बोलता नसतं आलं म्हणून लिहून राहिलो, निवांत वाच. हॉस्टेलमागची आपली चित्रं मारायची भिंत पाडली बे, मे महिन्यात, रस्ता रुंद करायचा म्हणून. मी पोचलो तेव्हा अर्धी पडली होती आणि मलब्यात रंगाचे जाड पोपडे पडले होते, ते गोणीत भरून घरी आणले. त्यातला एक तळहाताएवढा आहे, व्हर्नियरने जाडी मोजली, ६ मिलिमीटर, आणि तो नुसता रंग आहे, प्लास्टर नाही की वीट नाही. कडेने पाहिला की चिरोट्याचे पदर दिसतात तसा.

त्याचंच स्टॉप मोशन करून राहिलो. तुकडा प्लायवर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवला, वर जुना कॅमेरा खाली तोंड करून बांधला. पाणी टाकून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने वीस हात घासायचं, पुसायचं, एक फोटो, परत वीस हात. असे १२ फोटो जोडले की फिल्मचा एक सेकंद होतो. थर सपाट नसतात ना, कुठे ओघळ असतो कुठे फुगा, त्यामुळे आधी निळ्यात एक पिवळा टिपका निघतो, मग त्याचं बेट होतं, बेटाभोवती नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या कड्या पडतात आणि ते बेट पसरत सगळा निळा गिळून टाकतं तेवढ्यात त्याच्याच पोटातून लाल वर येतो. हे कोणी काढलेलं नाही नित्या, पंधरा वर्षांत ज्यानं त्यानं आपापलं मारलं आणि खाली हे तयार होत गेलं. पहिल्यांदा प्ले केलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

जर्मनीत ओस्कर फिशिंगरने १९२० च्या दशकात रंगीत मेणाचे ठोकळे मशीनने पातळ पातळ कापत अशीच फिल्म केली होती, दर कापाला एक फ्रेम. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं शूट केलं होतं, राजा हरिश्चंद्रच्या आधी. पण रोप वाढत जातं, माझा तुकडा संपत जातो. फ्रेम चुकली की चुकली, रिटेक नाही.

त्रास म्हणशील तर कूलर. चालू असला की टेबल थरथरतं आणि फोटो हलतो, म्हणून ४५ डिग्रीत बंद करून बसलो, खिडकीला पण चादर, उन्हाने उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते. शिवाय घासून तुकडा पातळ होतो तसा कॅमेऱ्यापासून लांब जातो आणि फोकस सुटतो, मग त्याच्याखाली जुन्या लग्नपत्रिका सरकवत जातो. आणि कोरडं कधीच घासत नाही. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, हे रंग त्याच्या आधीचे, म्हणून मास्क घालतो आणि गाळ मोरीत न टाकता बाटलीत भरून ठेवतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. ३०० फोटोंनंतर एक पातळ काळा थर लागला, केसाहूनही बारीक, आणि त्याच्याखाली पिवळा. कडेने पाहिलं तर पिवळ्याखाली चंदेरी, इतवारी बाजारातून आणलेला तो अॅल्युमिनियम पेंट, स्प्रेला पैसे पुरत नव्हते म्हणून तू रात्रभर ब्रशने मारला होतास आणि त्यावर पिवळी मारबत काढली होतीस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवतात तो पुतळा. सकाळी ती काळी झालेली दिसली तर तू ज्युनियर पोरांशी भांडलास, दोन वर्षं बोलला नाहीस त्यांच्याशी. तो काळा माझा होता. तुझं चित्र माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं, दुसरं काहीच कारण नव्हतं. तू त्यांच्याशी भांडत होतास तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

काळा मी एकट्याने घासून काढला, ४१ फोटो. पिवळा आता जवळपास पूर्ण उघडा आहे, मारबतीच्या लुगड्याचा असेल नाहीतर हाताचा, एवढ्याशा तुकड्यातून कळत नाही, तुला कळेल कदाचित. पुढचे वीस हात मारले की तो जायला लागेल. मी थांबलोय. तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे, लाइट जागचे हलवले नाहीत.

पोळ्याला येशील का? नसशील येणार तर तसं कळव, आणि पुढे घासू की नको तेही सांग, तू म्हणशील तसं.

तुझा,
बंड्या