दुःखी माणसाकडे पापाचा हिशेब मागू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत धर्म आणि अपराधभावना या विषयावर आलेला लेख वाचला. त्यातला बराचसा भाग पटला. ख्रिस्ती धर्माविषयी मात्र ओघात एक विधान येऊन गेले, त्याने मन अस्वस्थ झाले. एका बाईने सफरचंद खाल्ले, म्हणून प्रत्येक मूल पापी जन्माला येते आणि आयुष्यातली दुःखे ही त्याचीच शिक्षा, असा त्या विधानाचा आशय होता. लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कित्येक ख्रिस्ती घरांतही हे असेच सांगितले जाते. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि या अर्धवट समजुतीचा मार कोणाला बसतो ते पाहत आलो आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो बसतो. मूल गमावलेल्या आईबापांना बसतो. म्हणून हे पत्र.

सफरचंदाचा मुद्दा लगेच मिटवता येईल. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात फळाचे नावच नाही, बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ एवढेच म्हटले आहे. स्त्रीपुरुषांतला संबंध हेच ते पहिले पाप, हीदेखील अशीच एक ऐकीव गोष्ट. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, म्हणजे फळाचा प्रसंग घडण्याच्या आधीच, संततीने पृथ्वी भरून टाकण्याचा आशीर्वाद देवाने माणसाला दिलेला आहे. राहिला हव्वेला, म्हणजे त्या पहिल्या बाईला, दोष देण्याचा प्रश्न. तिने फळ खाल्ले तेव्हा नवरा तिच्यासोबतच होता, असे मूळ मजकूर सांगतो. पाप जगात कसे शिरले हे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडताना ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल नाव घेतो ते आदामाचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे. पौलाचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र हव्वा फसवली गेल्याचा उल्लेख आहे आणि त्या एका वचनाचा आधार घेऊन शतकानुशतके बायकांना बोल लावला गेला. तो अन्यायच होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलेली असते की ती नीट वाचायची राहूनच जाते. हव्वेला फूस लावणाऱ्या सापाच्या पहिल्या प्रश्नाकडे पाहा. बागेतल्या कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नका असे देवाने तुम्हाला सांगितले आहे ना, असे तो विचारतो. प्रत्यक्षात देवाने सगळी झाडे मोकळी ठेवली होती, मनाई एकाच झाडाची होती. सापाने दान झाकले आणि मनाई फुगवून दाखवली. हव्वा त्याची चूक दुरुस्त करते खरी, पण तिच्याही उत्तरात एक भर पडते. त्या झाडाला शिवायचेदेखील नाही, असे ती सांगते. आज्ञा होती ती न खाण्याची, शिवण्याबद्दल देव काही बोललेला नव्हता. संशयाचे बी रुजले ते इथे. देणारा आपल्यापासून काहीतरी लपवतो आहे ही शंका एकदा मनात शिरली, की फळाला हात लागायला कितीसा वेळ? पापाची सुरुवात ख्रिस्ती विचार या तुटलेल्या विश्वासात पाहतो. आज्ञाभंग त्यानंतरचा.

परिणामही शिक्षेची वाट पाहत थांबत नाहीत. फळ खाताच दोघांना आपल्या नग्नतेची लाज वाटते, अंजिराची पाने शिवून ते अंग झाकतात, देवाची चाहूल लागताच झाडांत दडतात. 'तू कोठे आहेस?' अशी हाक येते. मग आदाम जे उत्तर देतो, ते मला सगळ्या अध्यायात सर्वांत भेदक वाटते. तू मला जी बाई दिलीस तिने ते फळ दिले आणि मी खाल्ले, असे तो म्हणतो. एका वाक्यात बायकोवरही ठपका आणि देवावरही! मागच्याच अध्यायात तिला पाहून 'माझ्या हाडाचे हाड' म्हणून हरखून गेलेला हा माणूस. देवाने अजून कोणताही निवाडा दिलेला नाही, तरी भीती, लाज आणि दुसऱ्याकडे बोट दाखवणे हे सगळे आलेले आहे. त्यानंतर निवाडा येतो : प्रसूतीच्या वेदना, बाईवर नवऱ्याची सत्ता, काटेकुसळे, घाम आणि शेवटी माती. त्यातही शाप उच्चारला आहे तो सापावर आणि जमिनीवर, माणसांना तो थेट दिलेला नाही. पुरुषाची सत्ता या बिघाडाच्या यादीत येते हे मला फार महत्त्वाचे वाटते. मूळ निर्मितीत ती नव्हती. आणि बागेबाहेर काढण्याआधी देव त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करतो. प्रवचनांत या ओळीवर फारसे कोणी थांबत नाही. थांबायला हवे.

पुढच्या पिढीत काइन आपला भाऊ हाबेल याचा खून करतो. पण त्याआधी देव काइनला सावध करतो : पाप दाराशी टपून बसले आहे, त्याच्यावर तू ताबा मिळवायला हवा. आईबापांच्या हातून जे घडले त्याची सबब काइनला नाही. त्याला जबाबदार माणूस समजूनच देव त्याच्याशी बोलतो.

मग आदामाची चूक आपल्यापर्यंत पोचते कशी? चर्चमध्ये यावर जोरदार वाद झाले. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन (354-430) तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होता. प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती मुळापासून आहेत आणि वाईट त्यांतल्या दुसरीतून येते, अशी त्या पंथाची शिकवण. पुढे ती सोडून तो या मताला आला की वाईटाला स्वतःचे वेगळे अस्तित्व नाही. देवाने केले ते सगळे चांगले, शरीरसुद्धा. बिघाड आहे तो वळण चुकलेल्या इच्छेत. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने नासपती चोरल्या होत्या. भूक लागलेली नव्हती, फळेही काही खास नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशासाठी? जे करायचे नाही ते करण्यातच गोडी होती, असे त्याने आत्मकथनात लिहून ठेवले आहे. दुसऱ्या बाजूला त्याच काळातला ख्रिस्ती उपदेशक पेलाजियस होता. आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, पण माणूस मनात आणील तर स्वतःच्या बळावर चांगले वागू शकतो, असे त्याचे म्हणणे. 418 साली कार्थेजच्या परिषदेने हे मत फेटाळले. पेलाजियसची तळमळ मला समजते. स्वभावाकडे बोट दाखवून सुटका करून घेणारे लोक त्याला चालत नव्हते. पण चांगले करायचे ठरवतो आणि नको तेच हातून घडते ही जी तक्रार पौल स्वतःबद्दल करतो, तिला पेलाजियसजवळ उत्तर नाही.

ऑगस्टिनचे सगळेच म्हणणे मात्र चर्चने कायमचे उचलून धरले असे झाले नाही. बाप्तिस्म्याविना, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधी होण्याआधीच, दगावलेली तान्ही बाळे दंडास पात्र ठरतात, मग तो दंड कितीही सौम्य असो, असे त्याचे मत होते. त्या मताने असंख्य आयांची झोप उडवली असेल. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे असल्याचे म्हटले आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत आदामाकडून मरणाधीनता आणि दुबळेपण वारशाने येते, त्याचा वैयक्तिक दोष येत नाही, असे मानतात. 1992 ची कॅथलिक धर्मशिकवणही मूळ पाप, म्हणजे आदामापासून आलेला हा बिघाड, ही अवस्था असल्याचे सांगते, आदामाच्या वंशजांनी केलेले ते कृत्य नव्हे. 1530 साली आउग्सबुर्ग येथे केलेल्या आपल्या श्रद्धेच्या जाहीर मांडणीत प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या अनुयायांनी मूळ पापाला खरोखरीचे पाप म्हटले, तर 1546 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने बाप्तिस्म्यानंतर उरते ती केवळ पापाकडची ओढ, असे ठरवले. हे मतभेद मिटलेले नाहीत.

मला ते असे समजते : दोन भावांनी अबोला धरला, तर त्यांची नातवंडे एकमेकांना परकी म्हणून वाढतात. भांडणात त्यांचा हात नसतो, पण तो दुरावा त्यांच्या वाट्याला येतो आणि मोठी झाल्यावर बहुतेक जण आपल्याकडून तो पुढे चालवतात. वारसा इथवरच. मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेले आहे.

आणि ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतले तो मुद्दा याच्याही पुढचा आहे. जगात दुःख आहे याचे मूळ माणसाच्या पापात शोधणे वेगळे आणि समोरच्या माणसाचे दुःख हे त्याच्याच पापाचे फळ ठरवणे वेगळे. पहिले ख्रिस्ती शिकवणीत आहे. दुसऱ्याला येशूने स्वतः आडकाठी घातली आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? त्या वेळच्या समजुतीप्रमाणे तिसरी शक्यता त्यांच्या डोक्यातही नव्हती. येशू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज अंगावर कोसळून मेलेल्या अठरा जणांचा विषय निघतो. यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून तो स्वतःच नाही म्हणतो आणि पश्चात्तापाची गोष्ट ऐकणाऱ्यांकडे वळवतो. बायबलमधल्या ईयोब या आपत्ती सोसणाऱ्या सज्जनाच्या मित्रांनीही दुःखावरून पापच काढले होते. तुझ्या हातून काहीतरी घडले असणार, कबूल कर, असा त्यांचा धोशा. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग होतो तो या मित्रांवर.

यावर कोणी इस्राएलचा राजा दावीद याचे उदाहरण देईल. व्यभिचार आणि खून त्याच्या माथी होते आणि त्याचे मूल दगावले ते त्याच्या पापामुळे, असे बायबलच सांगते. हा उतारा मला जड जातो आणि तो सोपा करून सांगण्याची माझी इच्छा नाही. एवढे मात्र दिसते की नाथान संदेष्टा जो जाब विचारायला गेला होता, तो गादीवर बसलेल्या, आपला सैनिक उरीया याची बायको बळकावून त्याला लढाईत मारवणाऱ्या राजाला. पोर गेलेल्या एखाद्या गरीब घराच्या दारात उभा राहून तो हे बोलला नव्हता. आपल्याकडे नेमके उलटे होते. बलवानाच्या पापावर मौन आणि खचलेल्या माणसाला उपदेश.

शेवटी आणखी एक गोष्ट. पौल आदामाविषयी बोलतो तो ख्रिस्ताविषयी बोलता यावे म्हणून. एकाच्या आज्ञाभंगाने जे बिघडले ते एकाच्या आज्ञापालनाने सावरले, असा रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा ओघ आहे. आजाराचे नाव सांगून औषध न देता उठून जावे तसे नुसते पाप सांगणे पौलाने कुठेच केलेले नाही. तेव्हा लेखकाला विनंती की पुढच्या वेळी या बाजूचीही दखल घ्यावी. आणि अंत्यविधीला 'पापाचे वेतन मरण आहे' एवढे वाचून पुस्तक मिटणाऱ्या आमच्या उपदेशकांनाही माझे सांगणे आहे की ते वचन तिथे संपत नाही. देवाच्या कृपादानाचा आणि सार्वकालिक जीवनाचा उत्तरार्ध त्याच ओळीत आहे, तोही वाचावा.

आपला,
एक वाचक