पाडव्याला मिटलेलं बेट

शहापूर, बेळगाव
११ जानेवारी २०२६

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू बालीचं बोललास आणि मी नुसतं 'छान, छान' म्हणत राहिलो. तू एवढा आनंदात होतास की मधे तोडवेना. पण रात्री झोप लागली नाही. पाडव्याच्या सुट्टीला जोडून जायचं, काका-काकूंनाही न्यायचं, तिकिटं या आठवड्यात काढायची, हे सगळं ऐकताना मला २०२३ चे आम्हीच दिसत होतो. आमचे फोटो तू निपाणीला बघितलेस. फोटोत जे आलं नाही ते आज लिहितो.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूर, मग क्वालालंपूरला विमान बदलून आम्ही २१ मार्चला संध्याकाळी देनपसारला उतरलो. व्हिसा विमानतळावरच मिळतो, माणशी पाच लाख रुपिया, तेव्हाचे आपले साधारण २,७०० रुपये. तोवर काही अडलं नाही. मुक्कामाच्या उबुद गावाच्या अलीकडे मात्र गाडीवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि पुढे रस्ता बंद असल्याचं हाताने दाखवलं. समोर बांबू आणि कागदाचे भलेथोरले राक्षस खांद्यावर घेऊन पोरं नाचत होती. ओगोह-ओगोह म्हणतात त्यांना. तिथून मुक्कामापर्यंत दीड किलोमीटर आम्ही त्या गर्दीतून बॅगा ओढत गेलो. आई दोन रात्रींच्या प्रवासाने गळून गेली होती, तिचा हात मी सोडला नाही.

दारातच घरमालकिणीने विचारलं, उद्याचं खायला आणलंय ना? उद्या न्येपी.

न्येपी म्हणजे काय हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. ते त्यांचं नवं वर्ष. बालीतले हिंदूही शकच मोजतात, आणि त्या वर्षी शके १९४५ तिथे आणि आपल्याकडे एकाच दिवशी, २२ मार्चला लागलं. आपण गुढी उभारतो. ते अख्खं बेट मिटून घेतात. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, करमणूक नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. विमानतळ बंद, मोबाईलचं इंटरनेट बंद. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले पेचलांग, म्हणजे गावचे राखणदार, रस्त्याने फिरत असतात आणि परदेशी पाहुण्यालाही आत जायला सांगतात. कुणी अत्यवस्थ असेल तरच सवलत.

ज्यांनी आमची सहल ठरवून दिली त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. त्याचा राग मला अजून आहे. पण सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जाताना आपण पौर्णिमा कधी, गर्दी किती, शिधा काय घ्यायचा हे घरोघर विचारून निघतो. परक्या मुलखात आईला नेताना 'तुमच्याकडे त्या दिवशी काय असतं' एवढं मी कुणालाच विचारलं नव्हतं. ती चूक माझीच.

आमच्याजवळ बिस्किटांचे दोन पुडे, अर्धा डबा कुंदा आणि आईने पाडव्यासाठी आणलेली साखरेची गाठी एवढंच होतं. आईची रक्तदाबाची गोळी पोटात काही असल्याशिवाय घेता येत नाही. दुपार कशीबशी निघाली. अंधार पडत आला तशी मालकीण आतल्या अंगणातून अनवाणी आली. हातात थाळी, वर केळीचं पान. पानाखाली आदल्या दिवशी रांधलेला भात आणि ओलं खोबरं घातलेली पालेभाजी. आईने पिशवीतून गाठी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने दोरा चाचपून बघितला, एक पदक मोडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं आईच्या तोंडाशी धरलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. त्या रात्री अंगणातून जेवढ्या चांदण्या दिसल्या तेवढ्या मी लहानपणी आजोळी खानापूरच्या रानातसुद्धा पाहिल्या नाहीत.

तेवढ्यावर निभावलं असतं तर हे पत्र लिहिलंही नसतं. चौथ्या दिवशी मी भाड्याने स्कूटर घेतली. खिशात आपलं नेहमीचं लायसन. भातखाचरांच्या कडेच्या ओल्या वळणावर घसरलो आणि पायाचा घोटा मोडला. विमा काढलेला होता, पण कंपनीने आंतरराष्ट्रीय परवाना मागितला आणि तो नाही म्हटल्यावर हात वर केले. दवाखान्याचे सगळे पैसे खिशातून गेले. ते सोड, पण तुला खरं सांगतो, पैशांचं मला काही वाटत नाही. समुद्रातल्या खडकावरचं तानाह लोतचं देऊळ बघायचं म्हणून आई आली होती. उरलेले तीन दिवस ती माझ्या उशाशी बसून राहिली. आता तिच्याच्याने जिना उतरणं होत नाही.

म्हणून गड्या, तिकिटं काढायच्या आधी हे बघ. यंदाही न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी आहेत, १९ मार्चला. एक तर २० नंतर उतर, नाहीतर १७ लाच पोच आणि १८ ला दुपारपर्यंत दोन दिवसांचं खाणं, पाणी, औषधं खोलीत आणून ठेव. तो दिवस काका-काकूंना आवडेल, तयारी असली तर. गाडी चालवणार असशील तर आरटीओतून परवाना काढ. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो आणि परवाना एक वर्ष चालतो. त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना ते तिथेच उभं राहून बघ. १४ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे परदेशी माणसाला दीड लाख रुपियाची पट्टीही भरावी लागते, ती इथूनच ऑनलाईन भर. पैसे बदलताना नोटा स्वतः शेवटच्या मोजायच्या आणि मोजल्यावर परत त्याच्या हातात द्यायच्या नाहीत. शून्यं इतकी असतात की नजर फिरते. काकांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

रविवारी इकडे ये. सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन ये, सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे का ते एकत्र बघू. आईला तुझं जायचं कळलंय. ती म्हणते, ओहोटीला त्या देवळाच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येतं, तेव्हा वेळ आधी विचारून घे आणि काकूंना पाण्याला हात लावू दे.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
शहापूरचा मित्र