सुभेदारांना ‘जवान’ म्हणू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्त सैनिकांच्या सत्काराची किंवा निधनाची बातमी देताना वृत्तपत्रे हुद्द्याबाबत फार ढिलाई करतात, याचे मनापासून वाईट वाटते. माझे वडील नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पण ते गेले तेव्हा बातमीत ‘माजी हवालदार’ असा खालचा हुद्दा छापून आला आणि आईने ते कात्रण जपून ठेवले नाही. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात, नाईकाच्या दोन, तर नायब सुभेदाराच्या खांद्यावर एक तारा आणि त्यासोबत लाल-पिवळी पट्टी असते, आणि त्या पट्टीपर्यंत पोहोचायला शिपायाची उमेदीची बरीच वर्षे खर्ची पडतात. नायब सुभेदाराला 1965 पूर्वी जमादार म्हणत. रणगाडा दलात हवालदाराला दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात, हेही ध्यानात घ्यावे. इटलीत 1944 मध्ये धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश काळातले सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे यशवंत घाडगे नाईक होते; त्यांचा हुद्दा आजही नावाआधी लिहितात. बातमी छापण्यापूर्वी कुटुंबीयांकडून हुद्दा विचारून घ्यावा, एवढीच विनंती.

– एका नायब सुभेदारांची कन्या, सातारा