तांदळाच्या ताटातलं नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. लक्ष्मीपूजनाला गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे सरकवलं आणि नवऱ्यामुलाला विचारलं, ‘नाव काय ठेवलंय?’ मुलगा गांगरला. नवरी इंजिनिअर, डिग्रीपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे तिचं एकच नाव. मागून कुणीतरी म्हणालं, ‘ठेव रे काहीतरी, पद्धत असते.’ मग अंगठीनं तांदळात काहीतरी कोरलं गेलं आणि पेढे वाटले.

बारशाला बघा, केवढा खल असतो! नावरस अक्षर कोणतं आलं, आजोबांचं नाव ठेवायचं की नवं काढायचं, यावर बारा दिवस घर डोक्यावर. मग आत्यानं कानात कुर्र करायचं. ज्या मुलीचं हे सगळं एकदा रीतसर झालंय, तिचं नाव पुसायला मात्र दोन मिनिटं पुरतात.

रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी, दोघींचं माहेरचं नाव यमुना. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई मूळच्या मणिकर्णिका, आणि रेव्हरंड टिळकांच्या लक्ष्मीबाईही माहेरच्या मनकर्णिकाच. लोकमान्यांच्या सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई, म्हणजे बाया, त्या गोदू. नारायणाला लक्ष्मी, माधवाला रमा अशी जोडी जमली की झालं. यमुना, तापी, गोदा या नद्या माहेरीच राहिल्या.

माझी आईही त्यातलीच. माहेरची कृष्णा, घर नदीकाठचं, त्यामुळे नाव शोधायला कुणाला लांब जावं लागलं नव्हतं. 1961 साली लग्न झालं. वडिलांचं नाव दिनकर, म्हणून ती उषा झाली. सातवीचा दाखला कृष्णाचा, रेशनकार्ड उषाचं. पुढे आजोबांच्या जमिनीला वारस नोंद करायची वेळ आली, तेव्हा ‘कृष्णा आणि उषा ही एकच व्यक्ती’ असं स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं. खाली सही कोणत्या नावानं करू, असं ती कारकुनाला विचारत होती. ती गेली तेव्हा मामा ‘किस्ने, किस्ने’ म्हणून रडला. आमच्या शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या, ही किस्नी कोण?

नाव बदलायलाच माझा विरोध आहे असं नाही. 2011 मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन 285 ‘नकुशीं’ना नवी नावं दिली, ते योग्यच झालं. तिथे जुनं नाव हाच त्या मुलींचा अपमान होता. यमुनेत किंवा कृष्णेत कसला अपमान होता?

‘आता कोण नावं बदलतं, नुसता विधी असतो,’ असं म्हणतात. कमी झालंय, हे खरं. पण पुष्कळ घरांत ताटातलं नाव पत्रिकेत, आहेराच्या पाकिटावर आणि सासूच्या तोंडी रुळतंच. शिवाय आता आणखी एक गोष्ट झाली आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारनं ठरवला. फार चांगलं केलं. म्हणजे नवरीचं नाव उद्या तिच्या मुलाच्या नावात जाणार. घरात एक आणि कागदावर दुसरं असलं, तर जन्मदाखल्याच्या त्या रकान्यापाशी पुन्हा माझ्या आईसारखीच गत.

काही मुलं हल्ली ताटात बायकोचं आहे तेच नाव कोरतात. गुरुजीही हरकत घेत नाहीत, असा माझा अनुभव आहे. लग्न ठरलेल्या घरांनी हे आधीच बोलून ठेवावं. आणि ताट हवंच असेल, तर अंगठी नवरीच्या हातात द्यावी.

आपली,
एक वाचक, कराड